अमूर्त व्यक्तिचित्र : पोशाख, चेहरा आणि अंतःस्वरूप

'अमूर्त व्यक्तिचित्र' ही संज्ञा प्रथमदर्शनी स्वतःशीच विसंगत वाटते. 'व्यक्ती' ह्या शब्दाच्या मुळाशी प्रकट होण्याचा अर्थ आहे. जे इंद्रियांना गोचर झाले ते व्यक्त, जे तसे झाले नाही ते अव्यक्त. उलट ज्याला मूर्ती नाही, घाट नाही, ते अमूर्त. मराठी कलाविचारात ह्याच चित्रप्रकारासाठी 'अप्रतिरूप' आणि 'केवलाकारी' हे शब्दही योजिले गेले आहेत. त्यांतला 'अप्रतिरूप' हा शब्द पत्करला तर विसंगती अधिकच उघडी पडते : ज्यात कोणाचेही प्रतिरूप नाही असे अमक्या माणसाचे चित्र! तथापि अशी चित्रे गेल्या शंभराहून अधिक वर्षांत विपुल काढली गेली आहेत, आणि त्यांच्या शीर्षकांतून त्यांना व्यक्तिचित्रे म्हणूनच ओळख देण्यात आली आहे. तेव्हा संज्ञा विसंगत आहे एवढे म्हणून प्रश्न मिटत नाही.

ह्या प्रश्नाला सामान्यतः एक सोयीचे उत्तर दिले जाते. वास्तववादी चित्रकार माणसाचे बाह्य रूप, म्हणजे समाजाला दिसणारी त्याची प्रतिमा दाखवितो. अमूर्त चित्रकार त्या प्रतिमेचे कवच फोडून आतला खरा माणूस दाखवितो, असे ते उत्तर आहे. प्रदर्शनांच्या परिचयपत्रिकांतून आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून ते इतक्या वेळा येते की, त्याची तपासणी करण्याची गरजच कोणास भासत नाही. वस्तुतः ह्या उत्तरात दोन गृहीते दडलेली आहेत : एक, बाहेरचे ते खोटे व आतले ते खरे, दुसरे, आतले जे काही आहे ते चित्रकाराच्या हाती लागू शकते. दोन्हीही वादग्रस्त आहेत. गोव्यात जन्मलेले व मुंबईत घडलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांनी रंगविलेल्या व रेखाटलेल्या 'डोक्यां'च्या आधारे ह्या गृहीतांची परीक्षा चांगली होऊ शकते.

त्याआधी मुखवट्याचा विचार करणे अगत्याचे आहे. माणसाच्या सामाजिक रूपाला पाश्चात्त्य मानसशास्त्रात 'पर्सोना' म्हणतात. हा मूळ लॅटिन शब्द. रंगभूमीवरील नटाचा मुखवटा हा त्याचा जुना अर्थ. विसाव्या शतकात कार्ल युंग ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाने जगासमोर वावरताना माणूस जे रूप धारण करतो त्यासाठी तो शब्द रूढ केला. मुखवटा म्हटला की तो काढता येतो आणि काढल्यावर खरा चेहरा दिसतो, ही कल्पना त्या शब्दाबरोबर आपोआप येते.

महाराष्ट्रातील मुखवट्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे. भाद्रपदात ज्या घरांत मुखवट्याच्या गौरी बसतात तेथे मुखवटा बसविल्याविना गौर 'आली' असे कोणी म्हणत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात आदिवासी समाज बोहाड्याचा उत्सव करतो. त्यात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे नाचविली जातात. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोपर्यंत हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यातच होता. बोहाड्यात देवाचा मुखवटा धारण करणारा माणूस कोण आहे हे गावातल्या प्रत्येकास ठाऊक असते. तरीही तो मुखवटा चढला की लोक हात जोडतात. मुखवटा येथे काही लपवीत नाही. जे एरवी दिसत नाही ते त्याच्यामुळे दृश्य होते. 'व्यक्ती' ह्या शब्दाच्या मूळ अर्थाशी हा मुखवटा 'पर्सोना'पेक्षा अधिक इमान राखून आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा लागते. येथल्या नाक्यावर, किंवा त्या दृष्टीने महाराष्ट्रातील कोणत्याही वर्दळीच्या नाक्यावर, उभे राहिले असता आजच्या काळातील सर्वांत प्रचलित व्यक्तिचित्र दृष्टीस पडते. ते म्हणजे वाढदिवसाच्या अथवा नियुक्तीच्या शुभेच्छांचा, प्लास्टिकच्या कापडावर छापलेला फलक. पांढरा स्वच्छ सदरा, जोडलेले किंवा उंचावलेले हात, ठरावीक स्मित, आणि तळाशी शुभेच्छुकांच्या लहान लहान चेहऱ्यांची रांग. कलेच्या अभ्यासकाने ह्या फलकांकडे तुच्छतेने पाहू नये. सार्वजनिक प्रतिमा कशी घडते ह्याचा तो उघडा धडा आहे. अशा फलकावरचा मुख्य चेहरा झाकून पाहिला तरी त्या माणसाचे स्थान, त्याची आकांक्षा, त्याचा पक्ष, फार काय त्याच्या मागे कोण आहे आणि पुढे कोण आहे, हे सारे वाचता येते. कळत नाही ते फक्त नाव. याचा अर्थ असा की, सार्वजनिक प्रतिमेचे वाहन चेहरा हे नसून वेष, हावभाव आणि मांडणी हे आहे. चेहरा तेथे सहीसारखा येतो. सूझांची चित्रे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

वास्तववादी व्यक्तिचित्रणाची परंपरा मुंबईस चांगली समृद्ध होती. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतून पेस्तनजी बोमनजी, आंतोनियो शाविएर त्रिंदाद, सा. ल. हळदणकर यांच्यासारखे चित्रकार बाहेर पडले. त्वचेवरचा प्रकाश, वस्त्राचा पोत, बसण्यातला अवघडलेपणा अथवा सैलपणा ह्यांतून माणसाच्या स्वभावाकडे जाणारी वाट त्यांना चांगली अवगत होती. म्हणून वास्तववाद केवळ बाहेरचे दाखवितो हे म्हणणे अन्यायाचे ठरते. अर्थात ज्याने पैसे मोजून चित्र काढवून घेतले त्याला आपण कसे दिसावे ह्याविषयी अपेक्षा असत, आणि त्या अपेक्षेच्या मर्यादेतच चित्रकाराला आपले निरीक्षण बसवावे लागे. स्मारकशिल्पात ही मर्यादा अधिकच कडक होते. डोंबिवलीत ज्यांचे शिल्पालय आहे ते शिल्पकार सदाशिव साठे (१९२६–२०२१) यांनी घडविलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ साली उभा राहिला. तेथे समोर बसावयास व्यक्ती नव्हती, आणि असती तरी तिच्या खाजगी मनाची चौकशी करणे हे त्या शिल्पाचे काम नव्हते. समाजाच्या मनात आधीच असलेल्या प्रतिमेला धातूत उभे करणे हे ते काम होते. साठे यांनी ते ज्या डौलाने केले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

अमूर्ताकडे जाणाऱ्या वाटेवरची दोन पाश्चात्त्य चित्रे येथे पाहणे आवश्यक आहे. पिकासोने १९०५–०६ मध्ये गर्ट्रूड स्टाइन ह्या लेखिकेचे चित्र काढावयास घेतले. ती ऐंशीहून अधिक वेळा त्याच्यासमोर बसली, आणि अखेर पिकासोने तिचा चेहराच पुसून टाकला. त्यानंतर तो स्पेनला गेला; परतल्यावर ती समोर नसताना, प्राचीन इबेरियन शिल्पांची आठवण देणारा एक मुखवटेवजा चेहरा त्याने त्या जागी रंगविला. शरीर, वस्त्र व हात पूर्वीच्याच पद्धतीचे राहिले. म्हणजे आतल्या माणसाकडे जाण्यासाठी त्याने मुखवटा काढला नाही, उलट चढविला! १९१० साली त्याने कानवाइलर ह्या चित्रविक्रेत्याचे चित्र घनवादी पद्धतीने काढले. तेथे सारा देह करड्या-तपकिरी पैलूंत विखुरला आहे. तरी एकमेकांत गुंफलेले हात, घड्याळाची साखळी आणि केसांची लकेर ही खुणेपुरती शाबूत आहेत. ह्या दोन चित्रांवरून एक कसोटी हाती लागते. अमूर्त व्यक्तिचित्र वाचताना 'आतला माणूस कोठे आहे?' असे विचारण्यापेक्षा 'चित्रकाराने ओळख कोठे राखली आणि कोठे मोडली?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर चित्रफलकावर बोट ठेवून देता येते.

सूझा यांचा जन्म बार्देशातील साळगावचा. वडील ते तान्हे असतानाच वारले. लहानपणी देवीच्या रोगातून ते वाचले, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरला बोललेल्या नवसाची आठवण म्हणून त्यांच्या नावात 'फ्रान्सिस' आले. आई मुंबईत शिवणकामावर चरितार्थ चालवी. १९४५ साली त्यांना सर जे. जे. कलाशाळेतून काढण्यात आले; १९४७ साली रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. १९४९ साली ते लंडनला गेले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच वर्षातली मुंबईची घटना महत्त्वाची आहे. एका प्रदर्शनात मांडलेले त्यांचे स्वतःचे विवस्त्र व्यक्तिचित्र अश्लीलतेच्या तक्रारीवरून उतरविण्यात आले, आणि पुढे पोलिसांनी त्यांच्या घराची झडतीही घेतली. ह्या घटनेकडे केवळ अभिरुचीचा वा नीतीचा वाद म्हणून पाहिले जाते. परंतु कळव्याच्या नाक्यावरील फलकाने शिकविलेला धडा येथे लावून पाहावा. त्या चित्रातील चेहरा सूझांचाच होता व ओळखू येत होता. चित्रातून वजा केला होता तो वेष. एखाद्याने आपले सामाजिक आवरण स्वतःच उतरवून भिंतीवर टांगले तर समाजाला ते सहन होत नाही. कारण तसे केल्याने पाहणाऱ्याच्याही आवरणाचा प्रश्न उपस्थित होतो.

लंडनमध्ये सूझांनी नेमके उलटे केले. १९५० नंतरच्या दशकातील त्यांच्या डोक्यांत वेष शाबूत आहे आणि चेहरा मोडलेला आहे. 'सिक्स जेंटलमेन ऑफ अवर टाइम्स' हे १९५५च्या सुमाराचे रेखाटन ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. शीर्षकच उपरोधिक आहे : आमच्या काळातील सहा सद्‌गृहस्थ. ह्या काळातल्या त्यांच्या डोक्यांची घडण साधारण अशी असते : कपाळ जवळजवळ नाहीच, डोळे थेट माथ्याशी नेऊन बसविलेले, नाक म्हणजे वरून खाली ओढलेली एक लांब रेघ, दात आरीच्या दात्यांसारखे, गालांवर आडव्या-उभ्या काट्याकुट्यांच्या रेघा, आणि ह्या साऱ्या पडझडीच्या खाली कॉलर, गळपट्टी व कोटाचा पुढचा भाग मात्र जागच्या जागी. अशा चित्रांत पोशाख मन लावून काढलेला असतो, जणू चित्रकाराला त्याच्याविषयी काहीच शंका नाही. शंका आहे ती केवळ चेहऱ्याविषयी.

१९५५ सालचे 'मिस्टर सेबास्टियन' हे तैलचित्र ह्या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. संत सेबास्टियन हा युरोपीय चित्रपरंपरेचा आवडता विषय : खांबाला वा झाडाला बांधलेला तरुण देह, कमरेला वस्त्राची एक पट्टी, आणि उघड्या अंगात रुतलेले बाण. परंपरेत त्या देहाचे सौंदर्य व त्याची शांती हाच चित्राचा आशय असतो. सूझांनी संताला 'मिस्टर' केले, त्याला नागरी पोशाख चढविला, आणि बाण चेहऱ्यात व मानेत मारले. परंपरेतील बाण उघड्या देहाचा वेध घेतात. येथेही घेतात, पण येथे उघडे राहिले आहे ते एवढेच. सभ्य गृहस्थाच्या अंगावर जगाच्या दृष्टीला उघडी राहणारी जागा म्हणजे त्याचा चेहरा. सार्वजनिक जीवनात माणूस जखमी होतो तो ह्याच जागी. इतका साधा विचार, पण तो पोशाखाशिवाय सांगता आला नसता.

मग ह्या मोडलेल्या चेहऱ्यांत त्या गृहस्थांचे अंतःस्वरूप दिसते काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. ते सहा सद्‌गृहस्थ कोण हे कोणास ठाऊक नाही, आणि चित्राच्या आस्वादासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नाही. ज्याला नाव नाही, चरित्र नाही, त्याचे 'आत' असे काय असणार? ही डोकी एका वर्गाविषयी दिलेला निवाडा आहेत. ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल की, तसे असेल तर ही व्यंगचित्रे झाली, व्यक्तिचित्रे कशी? आक्षेप अगदीच निराधार नाही. सूझांच्या काही रेखाटनांत राग इतका ढोबळ आहे की ती व्यंगचित्राच्या पुढे जात नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यंगचित्रकार ओळखीच्या लकबी फुगवून ओळख पक्की करतो. सूझा ओळख नष्ट करतात. शिवाय व्यंगचित्रात चितारणारा स्वतः सुरक्षित अंतरावर असतो. सूझांनी हीच रेघ, हेच माथ्यावरचे डोळे आणि हेच बाण संतांना, ख्रिस्ताला आणि स्वतःच्या चेहऱ्यालाही लावले. १९५९ सालचे त्यांचे 'क्रूसिफिक्शन' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील ख्रिस्ताच्या वाट्यालाही सद्‌गृहस्थांहून मवाळ रेघ आलेली नाही.

सूझा लंडनला राहत होते त्याच वर्षांत तेथे घडलेली एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त, १९५४ साली, ब्रिटिश संसदेच्या सभासदांनी ग्रॅहम सदरलँड ह्या चित्रकाराकडून त्यांचे चित्र करवून घेतले. ते अमूर्त नव्हते. चेहरा चांगला ओळखू येत होता. पण खुर्चीत रुतून बसलेला, थकलेला म्हातारा त्यात दिसत होता. चर्चिल यांना ते मुळीच रुचले नाही, आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेवरून ते गुपचूप नष्ट करण्यात आले. मुंबईत विवस्त्र चित्र भिंतीवरून उतरविले गेले, लंडनमध्ये सवस्त्र चित्राची राख झाली. पहिल्यात प्रतिमेचे आवरण नव्हते. दुसऱ्यात आवरण होते, परंतु त्याच्या आतला देह त्याला साजेसा नव्हता. सूझांचे अनाम गृहस्थ मात्र निर्वेध टिकले, कारण 'हा मी नव्हे' असे म्हणण्याची सोय प्रत्येकास होती. अमूर्तीकरणाचा हा एक व्यावहारिक लाभ समीक्षेत फारसा नोंदला जात नाही.

येथपर्यंतचे विवेचन मान्य केले तरी एक अडचण उरते, आणि ती अधिक नाजूक आहे. सूझा लेखकही होते. १९५५ साली 'एन्काउंटर' ह्या प्रतिष्ठित इंग्रजी मासिकात 'निर्वाण ऑफ अ मॅगट' हे त्यांचे आत्मकथनपर लेखन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनच्या गॅलरी वनमध्ये त्यांचे प्रदर्शन यशस्वी झाले. १९५९ साली 'वर्ड्स अँड लाइन्स' हे त्यांचे पुस्तक निघाले. देवीच्या व्रणांचे बालपण, गोव्यातील चर्चची भव्यता व पाद्र्यांचे जरतारी पेहराव, भीती, पाप, शरीर ह्या सर्वांविषयी त्यांनी विलक्षण धीटपणे लिहिले. तेव्हापासून त्यांच्या चित्रांचा प्रत्येक भाष्यकार ह्या लेखनाची किल्ली घेऊनच चित्राचे कुलूप उघडावयास बसतो. चेहऱ्यावरच्या काट्याकुट्या म्हणजे देवीचे व्रण. बाण म्हणजे चर्चमधील संत. आणि पोशाखाची आस्था म्हणजे शिवणकाम करणारी आई. हे शेवटचे स्पष्टीकरण तर इतके आकर्षक आहे की प्रस्तुत लेखातही वर ते सुचविले गेलेच आहे, मग ते उघडपणे मांडलेले नसो.

परंतु ह्या मार्गात मोठा धोका आहे. कबुलीजबाब हाही लोकांसमोर दिला जातो. ज्याने आपल्या अंतरंगाविषयी सुंदर गद्यात लिहून ते मासिकात छापण्यास दिले त्याने एक सार्वजनिक प्रतिमाच घडविली : बंडखोर, शापित, निर्भीड चित्रकाराची. १९५५ सालच्या लंडनमध्ये वसाहतीतून आलेल्या अनोळखी चित्रकाराला अशा प्रतिमेची गरज होती, आणि ती त्याच्या उपयोगीही पडली. ती खोटी होती असे म्हणण्याचे प्रयोजन नाही; बोहाड्यातील मुखवटाही खोटा नसतो. म्हणावयाचे ते इतकेच की, ती प्रतिमा आहे, अंतःस्वरूप नव्हे. ज्या समीक्षकाला सद्‌गृहस्थाच्या कॉलर-गळपट्टीतला मुखवटा चटकन दिसतो, त्याला चित्रकाराच्या आत्मनिवेदनातला दिसू नये हे आश्चर्य आहे. चित्रकाराच्या आयुष्याची माहिती अभ्यासकाने जरूर मिळवावी. मात्र तिच्याकडे चित्राच्या शेजारी ठेवलेले दुसरे व्यक्तिचित्र म्हणून पाहावे. तेही कोणीतरी रचले आहे, त्यातही काही राखलेले व काही मोडलेले आहे, आणि दोहोंतल्या फटी कोठे जुळत नाहीत हे पाहण्यातच खरे संशोधन आहे. उदाहरणार्थ, लेखनात सूझा स्वतःविषयी अखंड बोलतात. चित्रातील डोक्यांची तोंडे मात्र बहुधा दातांनी बंद केलेली असतात. ह्या विसंगतीकडे आत्मचरित्राची किल्ली लावणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांच्या डोक्यांशी तुलना केली म्हणजे सूझांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. पदमसी हेही जे. जे.चेच, त्यांनाही १९५४ साली जहांगीर कलादालनातील 'लव्हर्स' ह्या चित्रांवरून अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावे लागले, आणि न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. आयुष्यभर त्यांनी मनुष्याचे डोके पुनःपुन्हा काढले. त्यांना समोर बसलेल्या व्यक्तीची गरज नसे; डोके रेघेतून, डागातून, शाईच्या ओलाव्यातून वर येई. १९५९–६० मधील त्यांच्या करड्या चित्रांनी रंगाचाही त्याग केला. पदमसींच्या डोक्यांना बहुधा कॉलर नसते, गळपट्टी नसते, पद नसते, काळ नसतो. सामाजिक माणूस तेथून निघून गेला आहे. उरले आहे ते एक अंतर्मुख मौन. मात्र हे मौन कोणाचे, ह्याचे उत्तर चित्र देत नाही. सूझांकडे मालकाविना मुखवटा आहे, पदमसींकडे मालकाविना अंतरंग आहे. ह्यापुढचे पाऊल टाकले की वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांशी येऊन ठेपावे लागते. तेथे चेहरा तर नाहीच, 'अमूर्त' हे विशेषणही त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या चित्रांना कोणी व्यक्तिचित्रे म्हणू लागला तर तो शब्दाचा दुरुपयोग होईल. प्रत्येक कलाकृती ही कलावंताचे आत्मचित्रच असते, हे वाक्य ऐकावयास गोड आहे; पण त्याने सर्वच चित्रे व्यक्तिचित्रे ठरतात आणि व्यक्तिचित्राला स्वतःचा असा अर्थ उरत नाही.

व्यक्तिचित्र म्हणावयाचे तर कोठेतरी ओळखीचा धागा शिल्लक असावाच लागतो. कानवाइलरच्या चित्रात तो घड्याळाच्या साखळीइतका बारीक आहे. तो किती बारीक करता येतो ह्याची परीक्षा सूझांनी पुढे स्वतःच घेतली. १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी आपली काळी चित्रे मांडली. ह्या चित्रांत काळ्यावर काळे रंगविलेले आहे. रंग जाडसर थरांनी चढविलेला असल्याने ब्रशाच्या फटकाऱ्यांचे उंचवटे तयार होतात, आणि त्यांवर तिरका उजेड पडला की कोठे डोके, कोठे देह, कोठे घरांची रांग उगवते. समोर सरळ उभे राहिले तर काही दिसत नाही. पाहणाऱ्याला डावीकडे-उजवीकडे सरकावे लागते, वाकावे लागते, आणि एका कोनातून दिसलेले नाक दुसऱ्या कोनातून नाहीसे होते.

सद्‌गृहस्थांच्या चित्रांत पोशाख शाबूत होता म्हणून पाहणारा निर्धास्त होता. समोरचा कोण हे त्याला आधीच ठाऊक असे. काळ्या डोक्यांपुढे ती सोय नाही. येथे वेष आणि चेहरा एकाच द्रव्यात बुडाले आहेत, आणि 'आतले' म्हणून ज्याचा शोध घ्यावयाचा ते थराखाली लपलेले नसून थराच्या पृष्ठभागावरच, उंचसखल खडबडीतपणात आहे. रंग खरवडून कोणी आत पाहू गेला तर त्याच्या हाती कोरा फलकच लागेल. ह्या चित्रांचा अभ्यास पुस्तकातील छायाचित्रांवरून करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची म्हणूनच पंचाईत होते. समोरून प्रकाश टाकून घेतलेल्या साध्या छायाचित्रात त्यांतले बहुतेक डोके बुजून जाते आणि पानावर जवळजवळ एक काळा चौकोनच छापून येतो.